कॅन्सर पसरू नये म्हणून अँटीबॉडी देतात म्हणे, हे खरंच मिळतं का?

अबोली२२

नमस्कार मंडळी, इथे बरेच जण मेडिकल आणि बायोटेकवाले आहेत म्हणून विचारतेय, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या, मी कॉमर्सवाली आहे.

आईला गेल्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता दर तीन आठवड्यांनी एक सलाइन चालू आहे ते अजून काही महिने चालेल म्हणालेत. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. पण आई रात्री दोन वाजता उठून मोबाइल बघत बसते आणि डोक्यात एकच, परत येईल का, दुसरीकडे कुठे गेला असेल का. परवा तिने मला एक बातमी पाठवली, की शास्त्रज्ञांनी पेशीच्या आवरणातलं कुठलं तरी प्रोटीन शोधलंय आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी दिली की कॅन्सर पसरतच नाही, उंदरांवर प्रयोग यशस्वी वगैरे. प्रोटीनचं नाव सीडी३६. नंतर बघितलं तर बातमी २०१६ची! मग इतक्या वर्षांत औषध आलं कसं नाही? की आलंय आणि आम्हालाच माहीत नाही?

दुसरं म्हणजे गाठ मारणं आणि पसरणं थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात का? मला वाटायचं एकच असतं. आणि त्या बातमीत फॅटचं काहीतरी होतं ते वाचून आईने तेलकट पदार्थ एकदम बंद केलेत, वजन आधीच उतरलंय तिचं, त्याचंही टेन्शन आहे.

पेट्रीडिश

अबोलीताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, या विषयात पंधरा-पंधरा वर्षं घालवणारी माणसं याच प्रश्नाशी येऊन अडतात. मी डॉक्टर नाही, पीएचडी मेटास्टॅसिसवर केलीय (म्हणजे कॅन्सरने मूळ जागा सोडून दुसऱ्या अवयवात बस्तान बसवणं), तेव्हा मी पेशीपुरतं सांगतो, उपचाराचं इथले डॉक्टर सांगतील. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

शाळेत पेशीची आकृती काढायचो त्यात पेशीपटल म्हणजे बाहेरची एक रेघ, संपलं. प्रत्यक्षात त्या रेघेत असंख्य प्रकारची प्रोटीनं रुतलेली असतात, थोडी आत थोडी बाहेर. कोणी शेजारच्या पेशीला धरून ठेवतं, कोणी खालच्या जाळीला चिकटून राहतं, कोणी बाहेरचा निरोप आत पोचवतं, कोणी खाणं आत ओढतं. अँटीबॉडी (एका ठरावीक प्रोटीनला नेमकं चिकटणारं प्रोटीन) अंगाने आडदांड, साधारण १५० किलोडाल्टनची, ती पेशीच्या आत सहजासहजी शिरत नाही, त्यामुळे तिच्या हाताला लागतं ते हे बाहेर आलेलं टोकच. म्हणून सगळा भर मेम्ब्रेन प्रोटीनवर, म्हणजे पेशीपटलात रुतलेल्या या प्रोटीनांवर.

आता पसरायला पेशीला काय काय करावं लागतं बघा. शेजाऱ्यांचा हात सोडायचा, खालची जाळी कुरतडायची, रक्तवाहिनीत शिरायचं, तिथे रक्ताच्या धक्क्यात आणि प्रतिकारशक्तीच्या पहाऱ्यात जिवंत राहायचं, कुठेतरी बाहेर पडायचं आणि परक्या मुलुखात संसार थाटायचा. या शेवटच्या पायरीवर बहुतेक पेशी मरतात. स्टीफन पॅजेट नावाच्या सर्जनने १८८९मध्येच स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासून लिहून ठेवलंय की पेशी कुठेही रुजत नाहीत, बी सगळीकडे पडतं पण उगवतं ठरावीक जमिनीतच. प्रत्येक पायरीला कुठलं ना कुठलं मेम्ब्रेन प्रोटीन लागतं, म्हणजे कागदावर तरी प्रत्येक पायरीवर अँटीबॉडीने टांग मारता येते.

मी स्वतः काय करायचो ते सांगतो म्हणजे चित्र डोळ्यासमोर येईल. कोंबडीचं फलित अंडं दहा दिवस उबवायचं, अंधारात मागून दिवा लावून आतल्या शिरा बघायच्या, पेन्सिलने खूण करून कवचाला छोटी खिडकी पाडायची आणि आतल्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पातळ पडद्यावर माणसाच्या कॅन्सरच्या पेशींचा थेंब ठेवायचा. आठवडाभरात तिथे छान गुबगुबीत गाठ होते. मग अंड्याच्या दुसऱ्या टोकाचा पडदा कापून त्यात माणसाचा डीएनए सापडतो का ते बघायचं, सापडला म्हणजे पेशी रक्तातून तिथवर गेल्या. हात थरथरला तर शीर फुटते आणि अख्खं अंडं वाया जातं, माझी पहिली दोन डझन अशीच गेली.

याच पद्धतीने २००८मध्ये एक भारी पेपर आला होता सीडी१५१ नावाच्या प्रोटीनवर. त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी दिली तर मूळ गाठ मजेत वाढत राहिली पण पेशी बाहेर पडेनात. का, तर सरकणारी पेशी पुढचा पाय टाकते आणि मागचा उचलते, त्या अँटीबॉडीमुळे मागचा पाय सुटायचाच नाही. चिखलात चप्पल रुतते ना तसं! मला हे फार आवडतं कारण इथे पेशी मेली नाही, फक्त जागच्या जागी राहिली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे, गाठ मारणं वेगळं आणि पसरणं अडवणं वेगळं, आणि निदान अंड्यात आणि उंदरात तरी एक न करता दुसरं करता येतं.

तुमच्या आईने पाठवलेली बातमी बार्सिलोनातल्या साल्वादोर अझनार बेनिता यांच्या गटाची. सीडी३६ हे फॅटी अ‍ॅसिड आत ओढून घेणारं प्रोटीन. तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीत अगदी थोड्या पेशींवर ते भरपूर असतं आणि पसरायचं काम प्रामुख्याने त्याच करतात असं त्यांना दिसलं. उंदरांना अँटीबॉडी दिल्यावर मूळ गाठीला फारसा फरक नाही, पण मेटास्टॅसिस अडलं, आणि आधीच रुजलेल्या गाठी काही उंदरांत पूर्ण गेल्या, बाकीच्यांत संख्या आणि आकार घटला. काम पक्कं आहे, बातमी खोटी नव्हती.

मग घोडं अडलं कुठे? माणूस डॉक्टरकडे पोचतो तेव्हा पेशी बऱ्याचदा निघून गेलेल्या असतात. २००५मध्ये ४,७०३ स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटचा एकत्र अभ्यास आला होता, कोणाच्याही स्कॅनमध्ये दुसरीकडे काही दिसत नव्हतं, तरी साधारण ३० टक्के जणींच्या अस्थिमज्जेत कॅन्सरच्या सुट्या पेशी सापडल्या. (घाबरू नका, त्यातल्या कित्येक जणींना पुढे काहीच झालं नाही.) म्हणजे निघायचा रस्ता बंद करणारी अँटीबॉडी तुम्ही चोर पळून गेल्यावर दाराला कुलूप लावल्यासारखी देणार. उंदरात आपण आधी अँटीबॉडी देतो आणि मग पेशी सोडतो, तिथे कुलूप वेळेवर लागतं. माझ्या मते या सगळ्या "पसरणं थांबलं" बातम्यांत एवढंच बघावं, अँटीबॉडी पेशी निघायच्या आधी दिली की नंतर. सीडी३६च्या कामात मला रस वाटतो तो याचसाठी, की तिथे रुजलेल्या गाठींवरही परिणाम दिसला.

खडूस_आजोबा

पेट्रीडिश, छान लिहिलंस रे. मी फार्मा कंपनीत आयुष्य काढलं, एक जुनी गोष्ट सांगतो.

एपकॅम नावाचं मेम्ब्रेन प्रोटीन, त्याच्याविरुद्ध उंदराची अँटीबॉडी, नाव एड्रेकोलोमॅब. १९९४ साली जर्मनीतल्या ट्रायलचा निकाल आला, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे १८९ पेशंट, ऑपरेशननंतर दिली, पाच वर्षांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. मजा म्हणजे फरक पडला तो दूरच्या अवयवात जाण्यावर, ऑपरेशनच्या जागी परत येण्यावर नाही. सगळे नाचले. जर्मनीत मंजुरीही मिळाली. पुढे २,७६१ पेशंटवर मोठी ट्रायल झाली, २००२मध्ये निकाल लागला, केमोबरोबर दिली तर फायदा शून्य आणि एकटी दिली तर केमोपेक्षा वाईट. गाशा गुंडाळला. तोवर औषध बाजारातून काढलंही होतं.

इंटिग्रिनवरच्या (पेशीला जाळीला चिकटवणारी प्रोटीनं) अँटीबॉडी, मेट रिसेप्टरवरची (वाढीचा निरोप घेणारं प्रोटीन) ओनार्टुझुमॅब, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच. सीडी४७ या मेम्ब्रेन प्रोटीनचं तर ताजं आहे, त्याच्यावरच्या मॅग्रोलिमॅब या अँटीबॉडीच्या मोठ्या ट्रायल २०२४पर्यंत बंद पडल्या, ते प्रोटीन तांबड्या पेशींवरही असतं त्यामुळे पेशंटचं हिमोग्लोबिन उतरायचं ते वेगळंच. शत्रूच्या अंगावरचा गणवेश आपल्या माणसांनीही घातलेला असतो हो.

तिसरा_डाव

आजोबा, सगळं खरं असेल पण तुम्ही दोघांनी मिळून त्या बिचारीला आणखी घाबरवलंत!! अबोली, मी पेशंट आहे, आठ वर्षं झाली. मला सांग, आईची ती दर तीन आठवड्यांची सलाइन म्हणजे नक्की काय आहे? फाइल काढ, औषधाचं नाव बघ, शेवटी "मॅब" आहे का ते बघ. आणि बायॉप्सीच्या रिपोर्टवर हर-टू लिहिलेलं असतं, त्याच्यापुढे शून्य ते तीन प्लस असा काहीतरी आकडा असतो, तो पण सांग. (आकडा इथे टाकायचा नसेल तर नको टाकूस, स्वतःसाठी बघ.)

विचारतेय कारण माझंही असंच होतं, केमो संपल्यावर वर्षभर तीन-तीन आठवड्यांनी जायचे, सगळ्या नातेवाइकांना "केमो चालू आहे" सांगायचे आणि केस का येतायत म्हणून मनात शंका घ्यायचे. सातव्या की आठव्या वेळी सिस्टरने सहज सांगितलं, ही केमो नाहीये, अँटीबॉडी आहे. कोणी आधी बोललंच नव्हतं.

अबोली२२

फाइल काढली. ट्रास्टुझुमॅब. हर-टू तीन प्लस.

म्हणजे अँटीबॉडी आधीपासून चालूच आहे?? आम्ही पण केमोच म्हणत होतो हो तिला. मग ही पसरू नये म्हणून आहे की काय आहे, कारण गाठ तर ऑपरेशनमध्ये काढली, आता मारायला उरलंय काय?

निशाचर_डॉक्टर

ड्युटी संपवून आलो, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून बसलोच लिहायला, "आता मारायला उरलंय काय" हा प्रश्न पेशंटनी आम्हाला पहिल्या दिवशी विचारायला हवा आणि आम्ही न विचारता सांगायला हवा.

हर-टू हे पण मेम्ब्रेन प्रोटीनच. निरोगी पेशीवर हजारोंच्या घरात असतं, तीन प्लस गाठीत एकेका पेशीवर लाखोंनी. ते पेशीला सारखं वाढ-वाढ सांगत राहतं. स्तनाच्या कॅन्सरपैकी १५ ते २० टक्के या प्रकारचे, आणि औषध यायच्या आधी हा प्रकार लवकर पसरणारा म्हणून कुप्रसिद्ध होता. ट्रास्टुझुमॅब १९९८मध्ये आलं ते आधीच पसरलेल्या पेशंटसाठी. नंतर कोणीतरी म्हणालं की पसरायची वाट कशाला बघायची, ऑपरेशननंतर लगेच देऊन बघू. २००५मध्ये निकाल आले आणि कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. निम्मं! आमच्या धंद्यात असे आकडे रोज बघायला मिळत नाहीत.

आता पेट्रीडिश यांच्या कुलूपाचा मुद्दा इथे आणा. ट्रास्टुझुमॅब दार अडवत बसत नाही. जी पेशी आधीच निघून हाडात नाहीतर फुप्फुसात कुठेतरी दबा धरून बसलीय तिथे जाऊन ते चिकटतं, तिचा वाढीचा निरोप तोडतं आणि प्रतिकारशक्तीला बोट दाखवतं की हिला उचला. म्हणजे चोराला घरी जाऊन पकडतं. आजोबांच्या यादीत जी औषधं पडली आणि हे टिकलं त्यातला मला दिसणारा मोठा फरक हा, की ही पेशी त्या प्रोटीनच्या जिवावर जगत असते. एपकॅम नुसता बिल्ला होता, हर-टू म्हणजे तिचं इंजिन आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे अँटीबॉडीच्या पाठीवर केमोचं विष बांधून पाठवायचं. ऑपरेशनआधीच्या औषधांनंतरही ज्यांच्यात थोडी गाठ शिल्लक राहिली होती अशा १,४८६ पेशंटमध्ये हे करून बघितलं, तीन वर्षांत ८८ टक्के जण कॅन्सर परत न येता राहिले, नुसत्या ट्रास्टुझुमॅबवर ७७ टक्के. दूरच्या अवयवात पहिल्यांदा दिसायचं प्रमाण जवळपास १६वरून साडेदहा टक्क्यांवर आलं. तुमच्या आईला याची गरज आहे का ते तिच्या ऑपरेशनच्या रिपोर्टवर ठरतं, तिच्या डॉक्टरांनी बघितलेलंच असेल, तरी विचारायला काहीच हरकत नाही.

एक कच्चा दुवा आहे तोही सांगतो. मेंदूभोवती रक्ताची गाळणी कडक असते, एवढी मोठी अँटीबॉडी तिथून फारशी जात नाही. म्हणून सतत डोकं दुखणं, तोल जाणं, दृष्टीत फरक असं काही वाटलं तर गुगल न करता फोन करायचा.

आणि "आलं कसं नाही" याचं अजून एक कारण, जे फार कंटाळवाणं असल्यामुळे बातमीत येत नाही. नव्या औषधाची ट्रायल सुरुवातीला सगळे उपचार संपलेल्या, खूप पसरलेल्या पेशंटवर होते आणि स्कॅनमध्ये गाठ आकसली का हे मोजतात. जे औषध गाठ आकसवतच नाही, फक्त पुढचं पसरणं अडवतं, ते या परीक्षेत नापासच होणार ना, प्रश्नपत्रिकाच दुसऱ्या विषयाची! योग्य परीक्षा म्हणजे लवकरच्या टप्प्यातले हजारो पेशंट आणि वर्षानुवर्षं वाट बघणं. डेनोसुमॅब या हाडांसाठीच्या अँटीबॉडीची झाली तशी, प्रोस्टेट कॅन्सरमध्ये हाडात जायचा काळ साधारण चार महिने लांबला पण एकूण आयुष्यात फरक नाही, मग मंजुरी देणारे म्हणतात चार महिन्यांसाठी जबड्याच्या हाडाचा धोका कशाला. २०१८पासून प्रोस्टेटमध्ये "मेटास्टॅसिसशिवाय किती काळ" हे माप मान्य करून काही गोळ्यांना मंजुरी दिली गेली, तेव्हा दार किलकिलं झालंय एवढं म्हणता येईल.

तिसरा_डाव

अबोली, डॉक्टर सांगायचे विसरले ते मी सांगते, दर तीन महिन्यांनी इको करायचा हृदयाचा. या औषधाने काही जणींचं हृदयाचं पंपिंग उतरतं, वेळेत कळलं तर औषध थोडं थांबवून बहुतेकदा परत वर येतं. माझं उतरलं होतं, दीड महिना गॅप दिली मग पुन्हा चालू. आणि वर्ष संपल्यावर आई म्हणेल अजून घेऊ या ना, थांबवलं तर परत येईल, मी अक्षरशः रडले होते शेवटच्या सलाइनला. पण दोन वर्षं देऊन बघितलंय त्यांनी, एक वर्षापेक्षा जास्त फायदा नाही निघाला.

निशाचर_डॉक्टर

इकोबद्दल शंभर टक्के बरोबर, विसरलो, धन्यवाद.

अबोली२२

किती लिहिलंत सगळ्यांनी, मी दोनदा वाचलं. चोराला घरी जाऊन पकडतं हे आईला लगेच कळलं. ते फॅटचं राहिलं तेवढं कोणीतरी सांगा ना, ती ऐकत नाहीये.

पेट्रीडिश

हां ते राहिलंच. बातमीत होतं ते असं, की जास्त फॅट खाणाऱ्या उंदरांत मेटास्टॅसिस वाढलं, आणि फॅटचाच एक घटक असलेल्या पामिटिक अ‍ॅसिडमध्ये ठेवलेल्या पेशी जास्त पसरल्या. त्याच गटाने २०२१मध्ये पुढे दाखवलं की पामिटिक अ‍ॅसिडची पेशीला एक प्रकारे आठवण राहते, नंतर ते काढून घेतलं तरी ती जास्त आक्रमक राहते. पण त्याच कामात ओलेइक अ‍ॅसिडने, म्हणजे ऑलिव्हच्या तेलात जे मुख्यतः असतं त्याने, तसं झालं नाही. म्हणजे "फॅट वाईट" असं त्यांनी म्हटलेलंच नाही. शिवाय ते तोंडाचा कॅन्सर आणि मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर), तेही उंदरांत, आणि उंदरांना दिलेला आहार कोणी माणूस मुद्दाम खात नाही. यावरून हर-टूच्या पेशंटने तेल बंद करावं असं म्हणायला मी तरी धजणार नाही, आणि मी त्याच विषयातला आहे.

निशाचर_डॉक्टर

दुजोरा. उपचार चालू असताना वजन उतरतंय हे जास्त काळजीचं. आहारतज्ज्ञांची भेट मागून घ्या, आणि आईला सांगा की डॉक्टर म्हणाले खायचं. माझं नाव सांगितलंत तरी चालेल, नावात तसंही निशाचर आहे, रात्री दोनला जागणाऱ्यांचं मला कळतं.

अबोली२२

हाहा, सांगितलं. जेवली आज नीट.

तिसरा_डाव ताई, तुमचं वाचून फाइलमध्ये इको शोधला. शेवटचा पाच महिन्यांपूर्वीचा आहे, त्यानंतरचा कागदच नाही. आम्ही विसरलो की त्यांनी सांगितलंच नाही देव जाणे, पुढची सलाइन गुरुवारी आहे. सकाळी दवाखाना उघडला की फोन करते.